पोट का बोलते?

तिसऱ्या तासाला वर्ग जरा शांत झाला की कुणाच्या तरी पोटातून ‘गुर्रर्र’ असा आवाज येतो. सगळे हसतात, ते मूल मान खाली घालते. मराठीत पोटात कावळे ओरडतात. उर्दूत तर आतडी ‘कुल हुवल्लाह’ पढू लागतात. दोन्ही भाषांनी हा आवाज भुकेच्या खात्यावर टाकला आहे. ते अर्धेच खरे.

जठर आणि आतडी म्हणजे स्नायूंची लांबलचक नळी. एकटे लहान आतडेच सुमारे ६ मीटर. तिच्या भिंती आवळतात, सैल पडतात. आतला रस आणि हवा घुसळली जाते, तीच गुडगुड. जेवणानंतरही हे चालूच असते, पण अन्न आवाज दाबून टाकते. पोट रिकामे झाले की दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले कण पुढे लोटते. घरात झाडू फिरवावा तसे. रिकाम्या हंड्यासारखा आवाज तेव्हा घुमतो. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या सहकाऱ्याने फुगा गिळून भुकेच्या कळा आणि जठराचे आवळणे एकाच वेळी होते, हे दाखवले.

लाट ओसरली की आवाज थांबतो. म्हणून रोजात असरच्या सुमारास वाजणारे पोट काही न खाताच गप्प होते. पहिला रोजा ठेवणारी मुले घाबरून विचारतात, “टीचर, रोजा तुटला का?” नाही बेटा, पोट फक्त सफाई करतेय. इफ्तारनंतरची गुडगुड मात्र वेगळी: घाईत गिळलेली हवा, सोड्याची बाटली, चणे, काहींना न पचणारे दूध.

शाळेतल्या आवाजाकडे मी हसण्यावारी पाहत नाही. आपल्या भिवंडीत यंत्रमागाची रात्रपाळी करून बाप सकाळी झोपतो, घर दबक्या पावलांनी उठते आणि मूल नुसत्या चहावर शाळेत येते. खिचडीला अजून वेळ असतो. रात्रीची चपाती, एखादे केळे किंवा उकडलेले अंडे एवढे जरी पोटात गेले, तरी गणिताच्या तासाला फरक दिसतो.

गुडगुडीसोबत सतत दुखणे, उलट्या, जुलाब किंवा वजन घटणे असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि पोट फुगले, दुखते आहे, पण आवाज अजिबात नाही, तर उशीर न करता दवाखाना गाठा. पोटावर नळी ठेवून डॉक्टर हाच आवाज ऐकत असतात.