नानकटाईतला उन्हाळा

घरून मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून जवळच्या बेकरीत न्यायची आणि किलोमागे मजुरी देऊन नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत अजून टिकून आहे. दिवाळीआधी भट्टीपुढे डब्यांची रांग लागते, तशी मे महिन्याच्या सुट्टीतही लागते. आता त्यात नवी हौस आली आहे: आंब्याची नानकटाई, चिकूची नानकटाई, पोटात फळाचे सारण असलेली बिस्किटे. आमरस हे आपल्या उन्हाळ्याचे मुख्य पक्वान्न. ते बिस्किटात साठवून दिवाळीला खाता आले तर कोणाला नको आहे? पण बाजारात या नावाने जे मिळते त्यात बहुतेकदा पिवळा रंग आणि इसेन्स असतो, नाहीतर मिक्स्ड फ्रूट जॅमचा ठिपका. घरी हौसेने खरा आमरस भरणाऱ्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी मऊ पडलेली, तळाशी चिकटलेली बिस्किटे येतात आणि बोल लागतो तो भट्टीला. माझ्या मते यात भट्टीचा दोष नाही. नानकटाईत फळ उतरवायचे तर ते आधी वाळवावे किंवा आटवावे लागते, आणि फळ वाळवण्याची विद्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याला बाहेरून आणायची गरज नाही.

यातले तत्त्व मराठी स्वयंपाकघराला करंजीने केव्हाच शिकवले आहे. ओल्या नारळाची करंजी एक-दोन दिवसांत संपवावी लागते, सुक्या खोबऱ्याची पंधरा दिवस डब्यात राहते. साखर, वेलची, पारी सगळे तेच, फरक पाण्याचा. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातले मोकळे पाणी किती, याचे अन्नशास्त्रात एक माप आहे. शुद्ध पाण्याला १ धरले तर ताज्या फळाचा आकडा ०.९८ च्या आसपास येतो, जॅमचा साधारण ०.८, सुकवलेल्या फळाचा ०.६ च्या आगेमागे, आणि चांगल्या भाजलेल्या कोरड्या बिस्किटाचा ०.३ किंवा त्याहून कमी. दोन वेगळ्या आकड्यांचे पदार्थ एकमेकांना टेकले की पाणी मोठ्या आकड्याकडून लहानाकडे सरकते आणि दोन्ही समान होईपर्यंत सरकत राहते. रस भरलेली नानकटाई भट्टीतून निघते तेव्हा खुसखुशीतच असते. ती मऊ पडते नंतर, डब्यात, झाकणाखाली. शिवाय ०.६ च्या खाली बुरशीही वाढू शकत नाही. म्हणजे फळ सुकवण्याने खुसखुशीतपणा आणि टिकाऊपणा हे दोन्ही एकदमच साधतात.

जगातली फळे भरलेली बिस्किटे पाहिली तर हाच नियम दिसतो. अमेरिकेत १८९१ पासून यंत्रावर बनू लागलेले फिग न्यूटन घ्या. आतून अंजिराचा गोळा आणि बाहेरून पीठ एकाच वेळी ढकलणारे दुहेरी नरसाळ्याचे यंत्र जेम्स हेन्री मिचेल याने बनवले म्हणून ते शक्य झाले. पण यंत्राला चालणारे सारण घट्ट अंजिराचेच होते. अरब देशांतल्या मामूलमध्ये खजूर असतो. इराणच्या केर्मान शहराची खासियत असलेल्या कोलोम्पेमध्येही खजूरच. सिंगापूर-मलेशियाच्या अननसाच्या टार्टमध्ये अननस असतो, पण तासभर परतून गडद, लोण्यासारखा गोळा होईपर्यंत आटवलेला. इथे कोणी म्हणेल की अमेरिकेतला उन्हाळ्याचा लाडका पीच कॉब्लर ताज्या फळाचाच असतो, आणि त्यावरून केलेल्या कुकीजची तिकडे आता फॅशन आहे. खरे आहे. पण कॉब्लर हा भांड्यातून गरम वाढून लगेच खाण्याचा पदार्थ. त्याची कुकी करताना तिकडचे लोकही पीच साखरेबरोबर शिजवून दाट करतात, आणि तरीही ती दोन दिवसांत संपवावी लागते. दिवाळीच्या डब्याला हे परवडणारे नाही.

पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे कागदावर तो अगदी तरुण. पण इथल्या वाळवणाचे वय कोणी मोजलेले नाही. सातपाटीपासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावर बोंबील वाळतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मोहाची फुले वेचून अंगणात वाळत घालतात. आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसई-आगाशीच्या वाड्यांत, राजेळी केळ्यांची सुकेळी होते. पिकलेले राजेळी केळे सोलायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, संध्याकाळी झाकायचे, उलटत राहायचे. काही दिवसांत ते आक्रसून मधाच्या रंगाचे, चिवट आणि विलक्षण गोड होते. वरून साखर नाही, पाक नाही, टिकाऊपणासाठी दुसरे काही नाही. बिस्किटाच्या कारखान्यात सारणाकडून जे जे मागितले जाईल (आकार धरून राहणे, भट्टीत न वाहणे, पाणी न सोडणे) ते सगळे सुकेळ्यात आयते असते. अडचण आहे ती पुरवठ्याची. वसई-विरारच्या इमारतींनी वाड्या गिळल्या, राजेळीची लागवड आक्रसली, आणि सुकेळी हे मेहनतीचे काम असल्याने त्याचा भावही चढा. म्हणून अखंड, देखणे सुकेळे वाटून बिस्किटात घालणे मला उधळपट्टी वाटते. त्याला तसेच खावे. सारणासाठी तुकडे आणि चुरा पुरतो.

पण या जिल्ह्यात बिस्किटासाठी खरे योग्य फळ कोणते, असे विचाराल तर उत्तर चिकू हेच आहे. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्यात सुमारे ५,००० हेक्टर जमीन चिकूखाली आहे आणि त्यात कालीपत्ती जातीचे राज्य आहे. फळ मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. इथे ते रुजवण्यात पारशी-इराणी बागायतदारांचा मोठा वाटा आहे. चिकूची व्यथा अशी, की पिकला की दोन-तीन दिवसांत तो हातातून जातो, आणि तोड जोरात असताना बाजार कोसळतो. त्यामुळे या पट्ट्यात चिकूच्या काचऱ्या आणि भुकटी करण्याचे काम बराच काळ चालू आहे. बोर्डीच्या चिकू महोत्सवात असे पदार्थ मांडलेले असतात. ताज्या चिकूत जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी. ते गेले की उरणारा गर चवीने खारकेच्या जवळ जातो, आणि खारीक-खजुराची बिस्किटे तर अर्धे जग खाते. चिकूचा किंचित रवाळ पोत काहींना फळात खटकतो. बेसन आणि रवा घातलेल्या नानकटाईत तोच पोत गुण ठरतो. त्याच्या वासात मुळातच भाजलेल्या साखरेची छटा आहे. भट्टी त्या वासाला मारत नाही, उलट पुढे नेते. उणीव एकच, आंबटपणाची. म्हणून चिकूच्या सारणात लिंबाचा रस हवाच, नाहीतर तिसऱ्या घासाला ते गोडमिट्ट लागते.

आंब्याची गोष्ट वेगळी, आणि इथे सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो: वाळवल्याने वास जातो, मग आमरसात उरले काय? हा आक्षेप निम्मा खरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या सुवासावर बरेच संशोधन झाले आहे. त्यातून दिसते ते असे, की हापूसचा वास हे एकच द्रव्य नसून टर्पिन, लॅक्टोन आणि फ्युरानोन गटांतल्या अनेक द्रव्यांचा मेळ आहे. त्यातली हलकी टर्पिने उष्णतेने सहज उडतात. लॅक्टोन आणि फ्युरानोन तुलनेने चिवट, आणि पिकलेपणाचा गोड, दुधाळ वास बराचसा त्यांचाच. म्हणजे आंबापोळीत आंबा उरतो, पण त्याचा वरचा, फळ कापताक्षणी नाकात भरणारा सूर जातो. यावरून मी काढतो तो निष्कर्ष आंबा सोडून देण्याचा नाही, हापूस सोडून देण्याचा आहे. ज्या वासासाठी हापूसचे पैसे मोजायचे तोच भट्टीत उडणार असेल, तर पायरी किंवा गावठी रायवळ आंबा घ्यावा. रायवळाला आंबटपणा असतो, आणि तो आटवल्यावरही जात नाही. दोरे असले तर चाळणीतून गाळता येतात.

हिशेब मांडला तर आटवण्याचे महत्त्व आणखी कळते. आंब्याच्या एक किलो रसात घन भाग धरा १८० ग्रॅम, बाकी पाणी. सारण चारात तीन भाग घन होईपर्यंत आटवले, तर किलोचे २४० ग्रॅम उरते, तेही वरून साखर न घालता. एका नानकटाईत १० ग्रॅम सारण भरले तर तिच्यात चाळीस ग्रॅमहून अधिक रस गेला. ताजा रस भरायला गेलात तर एवढ्या रसाला ती पारी पुरणारच नाही. जॅम भरण्यातही हीच गल्लत होते. कायद्याने जॅममध्ये घन भाग किमान ६५ टक्के आणि बहुतेक फळांच्या बाबतीत फळ किमान ४५ टक्के असले की पुरते. उरलेली जागा मुख्यतः साखर घेते. तो बिस्किटाला गोड करतो, फळाचे करत नाही, आणि भट्टीत पातळ होऊन बाहेर येतो तो वेगळाच.

पारीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण नेहमीची नानकटाई सारणासाठी बनलेली नाही. ती सोड्याने पसरते आणि वरून भेगाळते. भेग तिची शोभा, पण सारणाला ती दारच उघडून देते. म्हणून भरायच्या नानकटाईत सोडा घालू नये. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा २५, तूप १५०, पिठीसाखर १००, चिमूटभर मीठ: साखर मुद्दाम कमी, कारण आत फळ आहे. तूप-साखर फेटून पीठ मिसळावे, गोळा अर्धा तास थंड ठेवावा, २५ ग्रॅमच्या पारीत १० ग्रॅम सारण मोदकासारखे बंद करून सांधा खाली करावा आणि १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटे भाजावे. सारण दोन तऱ्हांनी होते. आटवलेला गर थोड्या तुपावर परतून केलेला गोळा मऊ राहतो. त्याची नानकटाई आठवड्याभरात खावी, कारण पाणी कमी असले तरी ते पारीकडे सरकतेच. वाळलेल्या काचऱ्यांची भरड, भाजलेले सुके खोबरे आणि खसखस यांचे करंजीसारखे सारण जास्त दिवस टिकते. डबा भरायचा असेल तर दुसरे, पाहुण्यांपुढे आजच ठेवायचे असेल तर पहिले.

सोडा टाळण्याचे आणखी एक कारण जांभूळ देते. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचे सारण कोणाला सुचले नाही तरच नवल. जांभळाचा रंग अँथोसायनिन द्रव्यांचा. आम्लात तो लालसर जांभळा राहतो, अल्कात निळसर-हिरवट होतो. सोड्याच्या पिठाला टेकलेले जांभळाचे सारण कापल्यावर शेवाळी कडेचे दिसते. चव बिघडत नाही, पण कोणी हात लावत नाही. लिंबू घातलेले सारण आणि बिनसोड्याची पारी असली की प्रश्न मिटतो. जांभळाचा तुरटपणा मात्र राहतो. मला तो तुपाबरोबर आवडतो, सर्वांना आवडेल असे नाही.

उघड्या उन्हात वाळवण्यावर होणारा आक्षेप मी हलका मानत नाही, विशेषतः बोईसर-तारापूरच्या संदर्भात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होते, आणि ही काही मिरवण्याची जागा नव्हे. कारखान्यांच्या सावलीत गच्चीवर आंबापोळी घालणे आजीच्या काळी ठीक असेल, आज नाही. धूळ, माश्या आणि समुद्राची दमट हवा हे त्रास तर औद्योगिक वसाहत नसलेल्या गावातही आहेत. त्यावर उपाय आहे बंद सौर वाळवणयंत्राचा. काचेखाली किंवा प्लास्टिकच्या बोगद्यात हवा तापते, कोरडी होते आणि पातळ काचऱ्या उघड्या उन्हापेक्षा लवकर सुकतात. इसेन्स स्वस्त पडतो, हेही खरेच. पण इसेन्सची तुलना बाजारातल्या निवडक फळाच्या भावाशी करणे चुकीचे. वाळवणाला लागतो तो लहान, डागाळलेला, तोड जोरात असताना परत आलेला माल, आणि त्याची किंमत बागायतदाराला फारशी मिळतच नाही.

उरला तो नानकटाई आपली की सुरतेची, हा वाद. सुरतेत डचांच्या बेकरीतून ती पारशी बेकरीवाल्यांकडे आली अशी कथा सांगतात. जुन्या काळी ती ताडीने फुगवत, असेही म्हणतात. पालघरचा किनारा सुरत आणि मुंबई यांच्या मधोमध आहे, ताडाची झाडे इथे रानोमाळ आहेत, आणि चिकूही समुद्रापलीकडूनच आला. इतके असल्यावर कोणी मूळ गाव विचारत बसावे असे मला वाटत नाही.

वेळापत्रकाकडे मात्र लक्ष हवे. आंबापोळी पावसाआधी, मे अखेरपर्यंत वाळून हवाबंद डब्यात गेली पाहिजे. जूननंतर या किनाऱ्याची हवा सुकलेल्या फळालाही पुन्हा ओलावते. दिवाळीला काढताना पोळी चिकट लागली तर मंद आचेवर पुन्हा कोरडी करून मग वाटावी. चिकूला हा घोर नाही, तो जवळपास वर्षभर मिळतो. आणि बेकरीवाल्याकडे जाताना भरलेल्या नानकट्या वेगळ्या ट्रेवर, कागद घालून न्याव्यात. एखादे सारण फुटले तर साखर ट्रेवर जळते आणि तिचा कडवट धूर शेजारच्या ट्रेवरच्या, दुसऱ्याच्या घरच्या नानकटाईला लागतो. त्यामुळे साध्या नानकटाईचे सगळे घाणे निघाल्यावर, भट्टी उतरणीला लागली की शेवटचा घाणा आपला मागून घ्यावा.