तीन बंदुकांचा खेळ आणि बारा बोअरची निवड

बारा बोअरची बंदूक आपल्याला अगदीच अनोळखी नाही. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवर जी लांब दुनळी आडवी असते, ती बहुधा हीच. पण बारा बोअर म्हणजे काय, असं विचारलं तर पुष्कळजण गोंधळतात. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. हिच्या काडतुसात एकच गोळी असेल असं नाही. बहुतेक वेळा बारीक छर्रे असतात. इंग्रजीत हिला शॉटगन म्हणतात.

ही शॉटगन घेऊन अमेरिकेत एक खेळ खेळला जातो. त्याचं नाव मल्टिगन, किंवा बोलीभाषेत थ्री-गन. पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशी तीन हत्यारं एकाच खेळाडूनं एकाच फेरीत वापरायची. घड्याळ सुरू असतं. शिट्टीसारखा आवाज झाला की धावत सुटायचं, आडोशामागून, खिडकीतून, कधी जमिनीवर पालथं पडून लक्ष्यं टिपायची, एक बंदूक रिकामी करून किंवा सेफ्टी लावून पिंपात ठेवायची आणि दुसरी उचलायची. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पुढे. नेम चुकला तर वेळेत दंडाची भर पडते. या तऱ्हेच्या धावत्या नेमबाजीची जागतिक संघटना १९७६ साली मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली, तिची अमेरिकन शाखा १९८४ ची. तीन बंदुकांचे सामने १९८० च्या दशकात तिथं रुजले.

आपल्या ओळखीची नेमबाजी याहून फार वेगळी. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत किंवा २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे, ही सगळी रायफलची, एका जागी श्वास रोखून करण्याची नेमबाजी. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं ते मात्र शॉटगनवर, डबल ट्रॅप प्रकारात. पण तिथंही एका वेळी दोनच बार. दोन काडतुसं उडाली की बंदूक मोडून, म्हणजे मधोमध उघडून, निवांतपणे पुढची दोन भरायची. त्यामुळे ऑलिम्पिकचे खेळाडू वरखाली नळ्या असलेली दुनळी वापरतात आणि तीच त्यांच्या कामाला योग्य असते. मल्टिगनमध्ये ती दुनळी घेऊन उभं राहिलात तर तिसऱ्या लक्ष्यालाच अडाल. तिथं लागते सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा दाबला की एकच बार उडवणारी, पण रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकून पुढचं नळीत आणणारी.

अशी बंदूक कोणती घ्यावी, हा तिथल्या नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. बहुतेकजण विचारतात ते नेमाबद्दल, नळीच्या लांबीबद्दल, नाहीतर धक्का किती बसतो याबद्दल. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच दुसरीकडून करायला हवी. ही बंदूक भरायला किती सोपी, आणि ती अडते किती वेळा?

असं का, ते पाहा. पिस्तूल आणि रायफल यांना डबीसारखं मॅगझिन असतं. रिकामं झालं की ते टाकून दुसरं सरकवायचं, दीड-दोन सेकंदांत काम झालं. शॉटगनच्या नेहमीच्या गटांत डबीचं मॅगझिन चालत नाही. ते फक्त 'ओपन' नावाच्या मोकळ्या गटात. बाकीच्यांना नळीखाली असलेल्या दुसऱ्या नळीत, खालच्या बाजूनं, हातानं काडतुसं ढकलावी लागतात. शिवाय सुरुवातीला बंदुकीत नऊच काडतुसं असावीत अशी मर्यादा बऱ्याच सामन्यांत असते. समजा, एका फेरीत वीस लक्ष्यं आहेत. नऊ भरलेली, अकरा पळता पळता भरायची. नवशिक्याला एका काडतुसाला दोन सेकंद लागले तरी बावीस सेकंद केवळ भरण्यात गेले. कसलेला खेळाडू कमरेच्या पट्ट्यावरून चार काडतुसं एका मुठीत उचलतो आणि दोन-दोनच्या जोडीनं आत सारतो. तो हेच काम आठ-नऊ सेकंदांत उरकतो. चाप लवकर दाबून तेरा सेकंद वाचवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यात स्टीलची पाटी पडलीच पाहिजे आणि मातीची तबकडी फुटलीच पाहिजे असा नियम. नेम चुकला की आणखी एक काडतूस खर्ची, म्हणजे आणखी एक भरणं.

म्हणून बंदूक हातात घेतली की आधी ती उलटी करून पोटाकडून पाहावी. काडतूस जिथून आत जातं ते तोंड किती रुंद आहे, कडा धारदार आहेत का, आतली उचलणारी पट्टी, जिला लिफ्टर म्हणतात, ती अंगठ्याला चिमटा घेते का? दुकानातून आलेल्या पुष्कळ बंदुकांचं हे तोंड अरुंद असतं. कारीगर ते कापून रुंद करतात, लिफ्टरची फट वेल्डिंगनं बुजवतात. हे काम आधीच करून दिलेली 'स्पर्धा' आवृत्ती मिळत असेल तर वरचे पैसे देणं मला योग्य वाटतं. एका दिवसात शंभर काडतुसं भरल्यावर अंगठ्याचं काय होतं ते पाहिलेलं माणूस यावर वाद घालत नाही.

दुसरा प्रश्न अडण्याचा. त्यासाठी बंदूक आतून चालते कशी, हे थोडं समजून घ्यायला हवं.

आपोआप भरणारी पहिली यशस्वी शॉटगन जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची. त्यानं ती आधी विंचेस्टर कंपनीला दाखवली, तिथं बोलणी फिसकटली. मग तो रेमिंग्टनच्या दारी गेला. तिथले अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती, पण भेटीच्या आधीच, जानेवारी १९०२ मध्ये, हार्टली हृदयविकारानं गेले. ब्राउनिंगनं सरळ बेल्जियमची बोट पकडली आणि तिथल्या एफएन कंपनीकडून बंदूक काढली. तीच पुढे गाजलेली ऑटो-५. तिच्यात बार उडाल्यावर अख्खी नळीच मागे सरकत असे. आज तो प्रकार मागे पडला आहे आणि मैदानात दोन पद्धती उरल्या आहेत.

एक वायूची. नळीला बारीक भोकं असतात, बाराचा थोडा वायू त्यातून खाली येतो, दट्ट्या ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला मागे नेतो. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० याच घराण्यातली. आजच्यांपैकी बेरेटाची १३०१ आणि मॉसबर्गची ९४० याच पद्धतीवर चालतात. वायू आणि दट्ट्या यांत धक्का बराचसा मुरतो, त्यामुळे खांद्याला आराम. पण जळलेल्या दारूची काजळी आत साठते. मॉसबर्गनं २०२० मध्ये ९४० बाजारात आणली तेव्हा साफ न करता पंधराशे बार चालेल अशी जाहिरात केली होती. वायूच्या बंदुकांचं जुनं दुखणं कोणतं, ते या जाहिरातीतच आलं.

दुसरी पद्धत जडत्वाची, इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कंपनीनं नावारूपाला आणलेली. एसटीत उभं असताना गाडीनं अचानक वेग घेतला की आपण मागे फेकले जातो; म्हणजे खरं तर गाडी पुढे जाते आणि आपण जागीच राहू पाहतो. इथं दिशा उलटी. बार उडाला की बंदूक मागे येते, पण आतला जड बोल्ट जागीच राहू पाहतो. त्या ओढाताणीत मधली ताठ स्प्रिंग दबते आणि उसळून बोल्टला मागे फेकते. भोकं नाहीत, दट्ट्या नाही, काजळी फार कमी. बेनेलीची एम-२ याच जोरावर वर्षानुवर्षं मल्टिगनच्या मैदानात दिसते. वजन जेमतेम सव्वातीन किलो. धक्का मात्र जास्त.

पण एक गोम आहे, आणि ती विक्रेता सहसा सांगत नाही. जडत्वाच्या बंदुकीला मोकळेपणानं मागे यायला जागा हवी. तिच्यावर लांब मॅगझिन, दुर्बीण, काडतुसांचा खण असं सामान लटकवत गेलात तर ती जड होते, बारासरशी कमी मागे येते, स्प्रिंग पुरती दबत नाही आणि हलकं काडतूस असेल तर ती अडते. सैल खांद्यानं धरली किंवा आडोशाच्या फळीला घट्ट टेकवली तरी तेच. माझ्या ओळखीच्या एका मराठी गृहस्थांनी टेक्सासमध्ये अशीच एक उत्तम बंदूक घेतली, एका कारागिराकडून तिच्यावर हौसेनं सगळे अलंकार चढवले आणि वर सरावासाठी बाजारातलं सर्वांत स्वस्त, हलकं काडतूस आणलं. पहिल्या सामन्यात दर चौथ्या-पाचव्या बाराला बंदूक थांबे. बंदुकीत दोष नव्हता, काडतुसातही नव्हता. दोघांची सोयरीक जुळली नव्हती. सामान उतरवलं, जरा भारी काडतूस घेतलं आणि ती सुरळीत चालली. सामना मात्र गेलाच, आणि प्रवासाचा खर्चही.

तेव्हा जो स्वस्त काडतुसांवर महिन्याला भरपूर सराव करणार, ज्याला बंदुकीवर सामान चढवायचं आहे, किंवा ज्याचा खांदा नाजूक आहे, त्यानं वायूची घ्यावी आणि साफसफाईची सवय लावून घ्यावी. हलकी, साधी, देखभाल कमी अशी हवी असेल तर जडत्वाची. पैशाचा प्रश्न असेल तर बेनेलीच्याच समूहातली, तुर्कस्तानात बनणारी स्टोगर एम-३००० याच तत्त्वावर चालते आणि सहसा एम-२ च्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. घडण तितकी सफाईदार नाही, सुरुवातीचे काही बार भारी काडतुसांचे काढून ती मोकळी करावी लागते. पण उरलेल्या पैशांत काडतुसं येतात, आणि या खेळात शिकवते ती काडतुसांची पेटी. नवशिक्याला मी हीच सुचवीन.

जुनी बंदूक घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. शिकारीसाठी विकलेल्या बंदुकीचं मॅगझिन आखूड असतं, आणि त्यात बहुधा एक लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी असते. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत असा अमेरिकेचा कायदा आहे, ती काडी त्यासाठी. ती काढून वर वाढीव नळी बसवावी लागते. दुसरं, सुटे भाग मिळतात का? रेमिंग्टनचं दिवाळं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निघालं, कंपनीचे भाग वेगवेगळ्या खरेदीदारांना विकले गेले. तिची व्हर्सा मॅक्स मल्टिगनमध्ये नावाजलेली होती, पण आज ती घेताना स्प्रिंगा आणि दट्टे कुठून आणणार, हे आधी ठरवलेलं बरं. कायदाही राज्याराज्यांत वेगळा. न्यू जर्सीत सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये सहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन चालतच नाही.

नळीच्या लांबीवर लोक तासन् तास बोलतात. एकवीस किंवा चोवीस इंची, दोन्ही चालतात. वाढीव मॅगझिन नळीच्या फार पुढे येऊ नये, इतकंच पाहावं. नळीच्या टोकाला चोक नावाचा आटता तुकडा बसतो. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की धार जशी एकवटते, तसे छर्रे एकवटतात. मध्यम सैल चोक बहुतेक फेऱ्यांना पुरतो. फार आवळलेल्या चोकमधून स्लग, म्हणजे शिशाचा एकसंध गोळा, मारू नये.

सेफ्टीच्या बटणाकडे मात्र नीट लक्ष द्यावं. भरलेली बंदूक सेफ्टी न लावता पिंपात टाकली, किंवा नळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे मागे वळली, की खेळाडू त्या क्षणी सामन्यातून बाद. त्यात दयामाया नाही, आणि नसावीच; मागे माणसं उभी असतात. बेनेलीचं बटण चापाजवळ आडवं असतं, मॉसबर्गचं वर, अंगठ्याखाली. डावखुऱ्यांना वरचं सोयीचं. घाईत, हातमोजा घालून, न बघता ते सापडतं का, हे दुकानातच रिकाम्या बंदुकीवर करून पाहावं. दस्त्याची लांबीही तिथंच पाहावी. तो लांब पडला तर बंदूक खांद्यावर येताना काखेत अडते. बुटक्या माणसांना आणि बऱ्याच स्त्रियांना हा त्रास होतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि तीन बंदुकांचा हा खेळ इथं रुजलेला नाही. पण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांपैकी कुणी याच्या वाटेला गेलंच, तर त्याला एवढं जरूर सांगा. पहिल्या सामन्याआधी, सामन्यात वापरणार तीच दोनशे काडतुसं, अंगावर तोच पट्टा बांधून, सगळं सामान चढवून उडवून पाहा. एकदाही अडली नाही तर उत्तम. अडली तर प्रवेश फी भरण्याआधी कारण शोधा. आणि घरी भरण्याचा सराव करायचा तो दारू नसलेल्या खोट्या काडतुसांनी, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, खाली सतरंजी अंथरून. पहिला महिनाभर ती सगळी जमिनीवरच सांडतात.