एकाच शहराचा मुक्काम : बेताच्या खर्चात इस्तंबूल

परदेशप्रवासाचा बेत ठरला की मराठी कुटुंबाच्या मनात खर्चाचा विचार अगोदर येतो, आणि त्याच्या पाठोपाठ, जणू त्या खर्चाची वसुली करण्यासाठीच, एवढे पैसे घालायचे तर जास्तीत जास्त पाहून घ्यावे हा दुसरा विचार येतो. या दुसऱ्या विचारापायीच पहिल्याचा पुरता बोजवारा उडतो. तुर्कस्तानच्या बाबतीत हा मोह विशेष बळावतो. कापादोक्यातील गरम हवेचे फुगे, पामुक्कलेची पांढरीशुभ्र कुंडे, इफेससचे भग्नावशेष, अंतालियाचा किनारा आणि या सर्वांच्या शेवटी दीड दिवसाचे इस्तंबूल, अशी यादी सहल-कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हमखास आढळते. तिच्यातील किती तास बसच्या खिडकीशी आणि किती हॉटेलाच्या दिवाणखान्यात सामान मोजण्यात जातात, याचा तपशील मात्र त्या पत्रकांत नसतो. ज्याची ऐपत बेताची आहे आणि जो त्या देशात प्रथमच पाऊल ठेवीत आहे त्याने एकच शहर निवडावे, ते इस्तंबूल असावे, आणि पाच-सहा दिवस एकाच खोलीत मुक्काम ठोकून राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे देशांतर्गत विमानांचे भाडे तर वाचतेच. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गल्लीतला बेकरीवाला ओळखू लागतो, कोणत्या धक्क्यावरून कोणती बोट सुटते हे विचारावे लागत नाही, आणि अनोळखीपणाचा जो एक अदृश्य कर प्रवाशाला पावलोपावली भरावा लागतो तो आपोआप कमी होतो.

जावे की न जावे, हा प्रश्न यापूर्वीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२५ च्या मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू उचलून धरली, तेव्हा आपल्याकडे बहिष्काराची हाक उठली. पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांची खरेदी थांबवली आणि अनेकांनी ठरलेल्या सहली रद्द केल्या. ज्याच्या मनाला ही गोष्ट बोचते त्याने जाऊ नये. त्याच्या निर्णयाचा मला आदर आहे. सरकारांचा कलह आणि शहरांची ओळख यांचे हिशेब ज्याच्या खतावणीत वेगवेगळ्या पानांवर असतात, त्याच्यासाठी पुढील मजकूर आहे.

तजवीज सुरू करावी ती व्हिसापासून, विमानाच्या तिकिटापासून नव्हे. ज्या भारतीय प्रवाशाजवळ अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा निवासाचा परवाना आहे, त्याला तुर्कस्तानचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा घरबसल्या मिळण्याची मुभा आहे. इतरांना मात्र रीतसर अर्ज, बँकेचा खाते-उतारा, मुक्कामाच्या नोंदणीचा दाखला इत्यादी दस्तऐवज घेऊन अर्ज-केंद्राची पायरी चढावी लागते. मंजुरी हाती येण्यापूर्वी परत न होणारे तिकीट घेणे म्हणजे मुहूर्त निघण्याआधी कार्यालयाचा बयाणा भरणे होय. मुंबईहून थेट विमान सुमारे सात तासांत इस्तंबूलला पोहोचते, आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे झोपेचे गणितही फारसे बिघडत नाही.

पैशाच्या बाबतीत एक भ्रम अगोदरच दूर केला पाहिजे. तुर्की लिराचे मूल्य सतत घसरत आहे, तेव्हा परदेशी माणसाला तेथे स्वस्ताई असणार, असा तर्क सहज मनात येतो. वस्तुस्थिती अशी की २००५ साली जुन्या चलनावरची सहा शून्ये पुसून नवा लिरा काढणाऱ्या याच देशात २०२२ च्या ऑक्टोबरात, खुद्द सरकारी आकड्यांप्रमाणे, वार्षिक भाववाढ ८५ टक्क्यांच्या वर गेली होती. लिरा जितका खाली जातो तितकाच उपाहारगृहाच्या फळ्यावरचा भाव वर चढतो, आणि शिवाय प्रेक्षणीय स्थळांचे दर परदेशी पाहुण्यांपुरते युरोत बांधून टाकण्याची युक्ती तेथील अधिकाऱ्यांना चांगलीच साधली आहे. म्हणून लिरांत लिहिलेला कोणताही जुना अंदाज, मग तो मित्राने दिलेला असो की पुस्तकात छापलेला, विश्वसनीय मानू नये. आपले अंदाजपत्रक युरोत मांडावे, विमानतळावर गरजेपुरतीच रक्कम बदलावी आणि बाकीची शहरातील चलन-विनिमयाच्या दुकानांत, दोन ठिकाणचे दर पाहून, बदलून घ्यावी. पैसे काढण्याच्या यंत्राने रुपयांत हिशेब करून देऊ का, असे अदबीने विचारल्यास तितक्याच अदबीने नकार द्यावा. त्या सौजन्याचा दर फार महाग असतो.

मुक्काम कोठे करावा, हा खर्चाचा खरा मर्मबिंदू आहे. बहुतेक प्रवासी सुलतानअहमेत भागात उतरतात, कारण आयासोफ्या, निळी मशीद आणि तोपकापी राजवाडा तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. परंतु त्या भागातील जेवणाचा भावही त्या वास्तूंच्या वैभवाला साजेसा असतो. मी कादिकोय सुचवीन. बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाई तीरावरचे हे उपनगर म्हणजे प्राचीन काल्सेडोन होय, आणि समोरच्या तीरावरची अतुलनीय जागा मोकळी असताना येथे वसाहत करणारे लोक आंधळेच असले पाहिजेत, असा शेरा एका इराणी सेनापतीने मारल्याचे हेरोडोटसने नमूद केले आहे. आजच्या प्रवाशाने मात्र त्या आंधळ्यांच्याच गावी उतरावे. येथे विद्यार्थी, कारकून आणि दुकानदार राहतात, मासळीचा आणि भाजीचा बाजार भर वस्तीत भरतो, आणि खाद्यगृहांचे गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणारे असल्यामुळे मालकाला आज त्याची मान कापून चालत नाही. साबिहा ग्योक्चेन या आशियाई बाजूच्या विमानतळापासून, जेथे आखातातून येणारी काही स्वस्त विमाने उतरतात, कादिकोयपर्यंत २०२२ पासून मेट्रो थेट येते. युरोपीय बाजूच्या मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी बसगाड्या आहेत.

पहिल्याच स्थानकावर ‘इस्तंबूलकार्ट’ विकत घ्यावे. मेट्रो, ट्राम, बस, बोट, सर्वत्र हे एकच कार्ड चालते, आणि एका कार्डावर एकामागून एक अशा चौघांचे भाडे भरण्यासही हरकत नसते. बॉस्फरसवरची जी सहल पर्यटकांना धक्क्यावरचे दलाल ओढून ओढून विकतात, तिचा उत्तम भाग या कार्डावर साध्या भाड्यात मिळतो, ही गोष्ट मात्र ते सांगत नाहीत.

कादिकोयच्या धक्क्यावर फाटकाच्या यंत्राला कार्ड टेकवून आत गेले की लोकांच्या लोंढ्याबरोबर बोटीत चढावे आणि आतल्या उबदार बाकांचा मोह सोडून बाहेरच्या लाकडी बाकावर, युरोपीय तीरावरच्या एमिनोन्यूकडे जाताना शक्यतो डाव्या अंगाला, जागा धरावी. बोट हलते न हलते तोच चहावाला तबक घेऊन येतो. कमरेशी आवळलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात लालबुंद कोरा चहा असतो, बशीवर साखरेचे दोन खडे असतात, आणि दूध मागितल्यास त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते त्यात तुच्छतेपेक्षा करुणाच अधिक असते. मागे हैदरपाशा रेल्वेस्थानकाची, जर्मन धाटणीची, पाण्याला टेकलेली भव्य इमारत सरकते. पुढे मार्मरा समुद्राच्या टोकावर तोपकापीच्या मुदपाकखान्यांची धुराडी, त्यांच्या पलीकडे आयासोफ्याचा घुमट आणि निळ्या मशिदीचे सहा मिनार एका ओळीत उभे राहतात. साम्राज्ये या जागेसाठी का झुंजली, हे इतिहासाच्या ग्रंथापेक्षा या वीसपंचवीस मिनिटांत अधिक चांगले समजते. शेजारचा मनुष्य त्या वेळी बहुधा मोबाइलवर फुटबॉल पाहत असतो.

वास्तूंपैकी कोणत्या पैसे भरून पाहाव्यात आणि कोणत्या फुकट, याचा विवेक केला नाही तर अंदाजपत्रक दुसऱ्याच दिवशी कोसळते. सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत उभारलेले, १४५३ मध्ये मशीद झालेले, प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याच्या काळात संग्रहालय बनलेले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झालेले आयासोफ्या पाहण्यासाठी २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकाला २५ युरो, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये, मोजावे लागतात आणि त्या रकमेत त्याला वरच्या सज्जाचेच दर्शन घडते. तरीही मी ते भरावे असे म्हणेन, कारण सुमारे ३१ मीटर व्यासाचा तो घुमट आणि सज्जातील सुवर्णखचित चित्रे अन्यत्र नाहीत. परंतु घुमटाखाली शांतपणे बसण्याचे सुख हवे असेल तर टेकडीवरच्या सुलेमानियेत जावे. वास्तुविशारद मिमार सिनानने १५५७ मध्ये पूर्ण केलेली ही मशीद विनामूल्य पाहता येते, आणि तिच्या अंगणातून सुवर्णशृंगाची खाडी जशी दिसते तशी कोणत्याही हॉटेलाच्या गच्चीवरून दिसत नाही. निळ्या मशिदीलाही तिकीट नाही. पादत्राणे काढावी लागतात, स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी लागते आणि नमाजाच्या वेळी, विशेषतः शुक्रवारी दुपारी, बाहेर थांबावे लागते. देवळात जाण्याची सवय असलेल्या माणसाला यात नवे काही नाही.

दुसरे तिकीट बहुतेक लोक तोपकापीचे काढतात. राजवाडा रत्नांनी भरलेला आहे, गर्दीनेही. ज्यांना आणखी एकच तिकीट परवडते त्यांनी त्याऐवजी शेजारच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावे, असा माझा काहीसा एककल्ली आग्रह आहे. तेथे इजिप्त आणि हित्ती यांच्यातील कादेशच्या तहाची मातीची पाटी आहे, आणि ती ज्या बोगाझकोयच्या, म्हणजे हित्तींच्या जुन्या राजधानीच्या, उत्खननातून आली त्याच दप्तरखान्यात हित्ती व मितानी राजांच्या एका तहावर साक्षीदार म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे सापडली. ऋग्वेदातील देव आशिया मायनरच्या राजकीय करारनाम्यावर साक्ष देतात, ही गोष्ट ज्याला रोमांचकारक वाटत नाही त्याने खुशाल रत्ने पाहावीत. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो : ट्रामच्या मार्गावर ‘तोपकापी’ नावाचे जे स्थानक आहे ते जुन्या तटबंदीपाशी, राजवाड्यापासून काही किलोमीटर दूर आहे, राजवाड्यासाठी ग्युलहाने किंवा सुलतानअहमेत येथे उतरावे. वारांचाही मेळ घालावा लागतो, कारण तोपकापी मंगळवारी, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी आणि छपरी बाजार, म्हणजे कापाली चार्शी, रविवारी बंद असतो.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसाला असते, आणि ती निराधार नाही, पण अतिरंजित आहे. ‘लोकांता’ नावाच्या साध्या खाणावळींत तयार पदार्थ वाफेच्या तबकांत काचेमागे मांडलेले असतात. नावे येण्याची गरज नसते, बोट दाखवले की पुरते. ऑलिव्हच्या तेलातील वांगी, फरसबी, पालक, तांदूळ भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, मसुरीचे सूप, आणि पावाची टोपली. खोच एवढीच की सूप किंवा भात मटणाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो आणि डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून ‘एत सुयु वार मी’, मांसाचे पाणी आहे का, हे एवढे वाक्य पाठ करून ठेवावे. सुलेमानियेसमोर पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. तेथेही हा प्रश्न विचारूनच बसावे. सकाळी तीळ लावलेले कडक सिमित आणि दुपारी आयरान, म्हणजे आपले मिठाचे ताक, यांवर मध्यमवर्गीय मराठी पोटाचे व्यवस्थित निभते. चकल्या-लाडवांचे डबे अवश्य न्यावेत, पण त्यांच्या आधाराने खोलीत बसू नये.

फसवणुकीचे प्रकार जुने आहेत. बूटपॉलिशवाला आपल्या पुढे चालता चालता ब्रश खाली पाडतो. आपण सज्जनपणे उचलून देतो. तो कृतज्ञतेने आपले बूट पुसू लागतो, घरच्या आजारी मुलाची हकीकत सांगतो आणि शेवटी एका मेजवानीचे पैसे मागतो. ब्रश पडू द्यावा. रात्री बारमध्ये नेऊ पाहणाऱ्या नव्या स्नेह्यालाही हाच न्याय लावावा.

ऋतूंपैकी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम, म्हणूनच महागही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाऊस आणि बोचरे वारे असतात, परंतु खोल्यांचे भाडे उतरते व रांगा आखूड होतात. जाड कोट आणि छत्री ज्याच्यापाशी आहे त्याने हिवाळ्याचा विचार जरूर करावा. ईदच्या सुट्ट्यांत बाजार बंद आणि गाड्या भरलेल्या असतात, तेव्हा त्या तारखा पंचांगाप्रमाणे नव्हे तर तुर्की दिनदर्शिकेप्रमाणे पाहून घ्याव्यात.

शिल्लक राहिलेले लिरा मुंबईत बदलून मिळण्याची खात्री नसते. ते शेवटच्या सकाळी एमिनोन्यूच्या मसाल्याच्या बाजारामागील गल्ल्यांत, जेथे स्थानिक गृहिणी खरेदी करतात तेथे, खर्च करावेत. सुके अंजीर, जर्दाळू, हेझलनट आणि आंबट सुमाक यांत पैसे वसूल होतात. ‘तुर्की केशर’ म्हणून स्वस्तात जे विकले जाते ती बहुधा करडईच्या फुलाची पाकळी असते, आणि करडई मराठवाड्यात भरपूर पिकते.