कच्चा व्हीगन आहार तुमच्या शरीराला मानवेल का?

शिजवलेले अन्न पूर्ण बंद करून फळे, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये, सुकामेवा आणि बिया एवढ्यावरच राहायचे. दूध, दही, तूप, अंडी, मांस काहीही नाही. याला कच्चा व्हीगन आहार म्हणतात. कुणी वजन कमी करण्यासाठी, कुणी पित्त किंवा बद्धकोष्ठतेसाठी, तर कुणी मधुमेहाच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून हा प्रयोग सुरू करतात. हा आहार चांगला की वाईट, यापेक्षा तो तुमच्या शरीराला चालेल का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे आहे.

सुरुवातीला बरे का वाटते?

पहिल्या काही आठवड्यांत वजन उतरते, पोट साफ होते, हलके वाटते. यात आश्चर्य नाही. तळलेले, गोड, मैद्याचे आणि पाकिटातले पदार्थ बंद होतात, तंतुमय पदार्थ वाढतात आणि उष्मांक आपोआप कमी होतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३३० उष्मांक मिळतात. तेवढेच काकडीतून मिळवायचे तर दोन किलोंहून जास्त काकडी खावी लागेल. वजन का घटते आणि पुढे थकवा का येतो, या दोन्हींचे उत्तर यातच आहे.

'शिजवल्याने अन्नातील एन्झाइम मरतात' असे सांगितले जाते. ते मरतात हे खरे, पण कच्च्या अन्नातील बहुतेक एन्झाइमही जठरातील आम्लात टिकत नाहीत. पचनासाठी लागणारे एन्झाइम शरीर स्वतः तयार करते. शिजवल्याने 'क' जीवनसत्त्व कमी होते, हेही खरे. मात्र टोमॅटोतील लायकोपिन आणि गाजरातील बीटा कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत अधिक चांगले शोषले जाते.

दीर्घकाळात काय दिसते?

जर्मनीत कच्चा आहार घेणाऱ्या ५०० हून अधिक लोकांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. वजन फार घटले की शरीर सर्वात आधी प्रजननाचे काम बाजूला ठेवते. जर्मनीतल्याच २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात अशा २०१ लोकांपैकी ३८ टक्क्यांमध्ये बी-१२ ची कमतरता आढळली. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल मात्र कमी होते. म्हणजे फायदा आणि तोटा एकाच वेळी होऊ शकतात.

बी-१२ बद्दल विशेष काळजी घ्या. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांत ते आधीच कमी असते आणि दूध-दही हाच त्यांचा मुख्य स्रोत असतो. तोही बंद झाला की यकृतातील साठा हळूहळू संपतो. साठा चांगला असेल तर याला काही वर्षे लागतात, आधीच कमी असेल तर त्रास लवकर सुरू होतो. हिरव्या पालेभाज्यांतून फोलेट भरपूर मिळत असल्याने हिमोग्लोबिन ठीक दिसू शकते आणि आतून नसांचे नुकसान चालू राहते. म्हणून 'रक्त चांगले आहे' यावर निर्धास्त राहू नका. स्पिरुलिना किंवा मोड आलेली कडधान्ये बी-१२ ची गरज भागवत नाहीत.

कच्चे म्हणजे सुरक्षितच असे नाही

- राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ल्यास जोरदार उलट्या-जुलाब होतात. मोड आणूनही तो कच्चा खाऊ नये.
- मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओलावा जंतूंनाही मानवतो. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय संसर्गात ५० हून अधिक लोक दगावले.
- नीट न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून फीतकृमीची अंडी पोटात जाऊ शकतात. त्यातून मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात.
- दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत.
- रोज पालकाचा मोठा ग्लास रस घेतल्यास ऑक्झलेटमुळे मुतखड्याचा धोका वाढतो.

हा प्रयोग कोणी करू नये?

गर्भवती व स्तनपान देणाऱ्या माता, लहान आणि वाढत्या वयातील मुले, आधीच वजन कमी असलेले, चावायला त्रास होणारे वृद्ध, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण आणि पूर्वी खाण्यासंबंधी मानसिक आजार झालेले यांनी या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळे, नारळपाणी आणि भाज्यांतील पोटॅशियम हृदयाची गती बिघडवू शकते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन घेत असाल तर पालेभाज्या अचानक वाढवल्याने गोळीचा परिणाम कमी होतो. मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तशीच चालू ठेवून जेवण कमी केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि आहार बदलला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे त्याहून घातक ठरू शकते. डोस बदलायचा की नाही, हे साखर मोजून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

तरीही करून पाहायचे असेल तर

१. आधी तपासण्या करा: सीबीसी, बी-१२, फेरिटिन, 'ड' जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि साखर. बी-१२ ची गोळी सुरू करण्याआधी तपासणी केलेली बरी, नाहीतर खरी पातळी कळत नाही.

२. बी-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्या. हा भाग ऐच्छिक नाही.

३. शेंगदाणे, तीळ, जवस, बदाम रोज खा. भिजवलेल्या मुगावर लिंबू पिळा, लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून चहा टाळा.

४. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तपासण्या पुन्हा करा.

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ सोलल्यासारखी होणे, केस गळणे, पाळी चुकणे, सतत थंडी वाजणे, विसरणे किंवा पोट रोज फुगणे यांपैकी काही दिसले तर 'शरीरातील विष बाहेर पडत आहे' अशी समजूत करून घेऊ नका. शरीराला हा आहार मानवत नसल्याची ती खूण असू शकते. लगेच डॉक्टरांना भेटा.

बहुतेकांसाठी मधला मार्ग पुरेसा असतो. सकाळी फळे, दोन्ही जेवणांत मोठी वाटी कोशिंबीर, वाफवलेली मटकी आणि सोबत भाकरी, वरण, भाजी. तळण, साखर आणि पाकिटातले पदार्थ कमी केल्याचा फायदा यातही मिळतो, आणि घरच्या सगळ्यांसोबत एकाच ताटात जेवता येते.