कालव्याच्या भरावावरची सायकल

बेंगळुरूच्या दक्षिणेकडील जे. पी. नगर परिसरात सारक्की आणि पुट्टेनहळ्ळी ही दोन जुनी तळी आहेत. रविवारी पहाटे या भागातून निघणाऱ्या सायकलस्वारांकडे अलीकडे रुंद, खाचदार टायरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. डांबरी सडकेवर वेग धरणारी आणि मुरमाड वाटेवरही न घसरणारी ही सायकल ‘ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. तिच्या हौशी स्वारांना जवळपासच्या तुरहळ्ळीच्या पायवाटा पुरेशा वाटत नाहीत. सुमारे शंभर किलोमीटरवरील मंड्या जिल्ह्यात कृष्णराजसागरातून निघालेला विश्वेश्वरय्या कालवा आणि त्याच्या कडेचा मातीचा भराव त्यांना खुणावत असतो. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला भात आणि ऊस, चढउतार जवळजवळ नाहीत. सायकलीसाठी याहून सोयीची वाट शोधूनही सापडणार नाही.

स्पेनमध्ये अशा वाटांचा एक जुना नमुना आहे. कास्तिया प्रांतातील गहू बोटींनी वाहून नेण्यासाठी 1753 साली खोदायला घेतलेला 207 किलोमीटरचा कास्तियाचा कालवा 1849 साली पूर्ण झाला. खेचरे काठावरून चालत दोराने बोटी ओढत. रेल्वे आल्यावर ही वाहतूक हळूहळू मागे पडली आणि 1959 साली कायमची थांबली. पाणी मात्र शेतीला आणि शहरांना मिळत राहिले, आणि खेचरांच्या वाटांवर आज पादचारी व सायकलस्वार दिसतात. याच मुलखात 2007 साली शेतातील उंदरांचा मोठा उद्रेक झाला. बांध आणि चरांच्या कडेचे गवत हेच उंदरांचे घर आहे, ते जाळून टाकावे, अशी मागणी पुढे आली आणि काही ठिकाणी तसे झालेही. पुढे काही गावांनी शेतात खांब रोवून गव्हाणी घुबडे आणि छोट्या ससाण्यांसाठी पेट्या बसवल्या. काठ जाळायचा की राखायचा, हा वाद आपल्याकडेही नवा नाही.

आपल्याकडचे कालवे वाहतुकीसाठी नव्हे, सिंचनासाठी खोदले गेले. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला; वीर येथून निघून तो बारामतीमार्गे इंदापुराकडे जातो. त्याचा जोडीदार उजवा कालवा फलटण, माळशिरसच्या शिवारांना भिजवतो. ज्यांचे नाव मंड्याच्या कालव्याला आहे, त्या विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत रुजवली. या कालव्यांच्या कडेने जो रस्ता जातो तो जलसंपदा विभागाचा सेवापथ आहे. पाटकऱ्याने आवर्तनाच्या काळात फेरी मारावी, गळती, फुटी आणि चाऱ्यांची दारे पाहावीत, एवढाच त्याचा मूळ हेतू. पीक संरक्षणाच्या दृष्टीने त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, आणि ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

मोटारसायकलवरून जाणाऱ्याला काठावरचे गवत फक्त हिरवे दिसते. पायी जाणाऱ्याला सगळे दिसते, पण दहा किलोमीटरला त्याची अर्धी सकाळ जाते. सायकल हे अंतर तासाभरात कापते आणि हवे तेथे एक पाय टेकून थांबता येते. पाझरामुळे कालव्याचा काठ भर उन्हाळ्यातही पुरता वाळत नाही. शेते मोकळी असतात तेव्हा किडी आणि त्यांचे शत्रू असे दोघेही येथेच दिवस काढतात. पुढच्या हंगामाची चाहूल म्हणूनच शेतापेक्षा काठावर आधी लागते.

गाजरगवताचेच पाहा. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज बहुतेक प्रत्येक कालव्यावर आहे. त्याची पाने चाळणीसारखी झालेली दिसली, तर ते मेक्सिकन भुंग्याचे काम असण्याची शक्यता मोठी. हा भुंगा 1983 साली मेक्सिकोहून बेंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर 1984 साली सोडण्यात आला. मध्यंतरी तो सूर्यफूल खातो अशी तक्रार उठली आणि त्याच्या प्रसाराला खीळ बसली. सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे तो तेथे कुरतडत होता, हे तपासाअंती स्पष्ट झाले. पावसाळ्यात तो पाने खातो आणि कोरड्या महिन्यांत जमिनीत सुप्तावस्थेत राहतो. भुंगे भरपूर असलेल्या पट्ट्यावर ऐन पावसाळ्यात तणनाशक फवारणे म्हणजे फुकट राबणारा मजूर हाकलून देणे होय. शिवाय त्या पाण्यावर खाली कोणाची तरी जनावरे येतात. जेथे भुंगे नाहीत, तेथे गाजरगवत फुलोऱ्यापूर्वीच उपटलेले बरे, कारण कपाशीवरील पिठ्या ढेकूण त्यावर सुखेनैव जगतो. एक गोष्ट सायकलस्वारांनाही लागू आहे: खाचदार टायरमध्ये अडकलेल्या चिखलातून या तणाचे बी एका कालव्यावरून दुसऱ्यावर सहज जाते. टायर धुण्याला पाच मिनिटे लागतात.

या फेरीचा खरा लाभ मात्र हुमणीच्या बाबतीत आहे. ऊस पट्ट्यात हुमणीची अळी दिसते तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबर उजाडलेला असतो, मुळे खाल्लेली असतात आणि बेट हाताने ओढले तरी उपटून येते. त्या वेळी हाती फारसे उपाय उरत नाहीत. माळावरच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. तिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमतात, मिलन करतात, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादी अंडी घालण्यापूर्वीचे हे मोजके दिवस हाच तिचा दुबळा क्षण. आणि कडुनिंब व बाभळी कुठे उभ्या आहेत? बांध गेले, बांधावरची झाडेही गेली. अनेक गावांत ती रांगेने शिल्लक आहेत ती कालव्याच्या भरावावर.

सकाळच्या फेरीत भुंगेरे दिसणार नाहीत, पण कडेने कुरतडलेली ताजी पाने आणि झाडाखाली पडलेली विष्ठा दिसेल. अशा झाडांची जागा भ्रमणध्वनीवर नोंदवून ठेवली, की संध्याकाळी गावातील चार तरुणांना नेमके कोठे जायचे ते कळते. लांब बांबूला आकडी लावून फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने हे करून भागत नाही, कारण शेजारच्या शिवारातील भुंगेरे बांध ओळखत नाहीत. सलग तीन-चार वर्षे सगळ्या गावाने केले तर फरक पडतो. कृष्णा-वारणा खोऱ्यातील नदीकाठच्या हुमणीला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तिचे भुंगेरे पाला खाण्यासाठी झाडांवर जमत नाहीत, त्यामुळे तेथे झाडे हलवून काही हाती लागणार नाही.

या वाटांचे कौतुक करताना एक गोष्ट लपवता येणार नाही. भरलेला कालवा हा खेळ नव्हे. 24 नोव्हेंबर 2018 रोजी मंड्या जिल्ह्यात पांडवपुराजवळ एक बस विश्वेश्वरय्या कालव्यात कोसळली आणि 30 जणांचा मृत्यू झाला. अस्तरीकरण केलेल्या कालव्याचे उतार शेवाळाने निसरडे होतात आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघणे अवघड जाते. म्हणून फेरी शक्यतो आवर्तन बंद असताना आणि दोघांनी मिळून काढावी, अंधारात पाण्याच्या बाजूने चालवू नये, आणि विभागाच्या स्थानिक शाखेला कळवून जावे. पुलाखाली किंवा जलसेतूच्या कमानीत आग्या मोहोळ असेल तर तेथे थांबू नये, बॅटरीचा झोत तिकडे टाकू नये.

कृषी सहायकाकडे आधीच कामांची रास आहे, आणखी एक फेरी कशाला, असे म्हणता येईल. परंतु हुमणीसाठी ही फेरी वर्षातून आठवडाभरच काढायची आहे. अडचण एवढीच की तिची तारीख आधी ठरवता येत नाही. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी वळवाची पहिली जोरदार सर ज्या दुपारी कोसळेल, त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत कडुनिंबाखाली पोहोचलेले असावे लागते.