ड्रिल घेण्याआधी भिंत ओळखा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्याच आठवड्यात भोकांची यादी तयार होते. पडद्यांचे रॉड, बाथरूममधला आरसा, देव्हारा, चपलांचं कपाट. एवढ्याशा कामाला सुतार यायला तयार नसतो आणि इलेक्ट्रिशियनचं ‘संध्याकाळी येतो’ आठवडाभर चालतं. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर ‘शंभर नगांचा होम टूल किट’ शोधून काढतं. ड्रिल मशीन, हातोडी, पक्कड, टेप, सगळं एका पेटीत आणि भाव जवळजवळ एकट्या ड्रिलइतकाच. शंभर नग भरतात कसे, ते पेटी उघडल्यावर कळतं. बरेचसे नग म्हणजे प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू, एकेक मोजलेले!

अशा पेटीवर पैसे घालण्याआधी आपली भिंत कसली आहे ते पाहावं. जुन्या सोसायट्यांच्या भिंती बहुधा विटांच्या. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं, लाल भुगा पडतो आणि मिनिटाच्या आत काम होतं. अलीकडच्या बऱ्याच इमारतींत भिंती एएसी ब्लॉकच्या असतात. साइटवरची माणसं त्यांना अजूनही ‘सिपोरेक्स’च म्हणतात. त्यांचा भुगा पांढुरका, पिठासारखा. हा ब्लॉक आतून हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे ड्रिल हॅमरवर ठेवलं तर ६ मिमीचं भोक बघता बघता मोठं होतं आणि गिट्टी आत गोल गोल फिरत बसते. इथे हॅमर बंद ठेवायचा आणि जड वस्तूसाठी या ब्लॉकची खास लांब गिट्टी मागायची. तिसरी भिंत मायवान पद्धतीची. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, म्हणजे घरभर काँक्रीट. साधं ड्रिल इथे धूर काढतं, बिटचं टोक निळं पडतं आणि भोक मात्र सेंटिमीटरभर.

विटांच्या घरातही एक जागा हमखास फसवते. पडद्याचा रॉड लागतो खिडकीच्या वर आणि तिथे असतो काँक्रीटचा लिंटेल. ‘कालपर्यंत मशीन नीट चालत होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा या लिंटेलची असते.

इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर यांतला फरक इथेच कामाला येतो. इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. मिनिटाला ठोके चाळीस हजारांच्या पुढे जातात, पण प्रत्येक ठोका हलका आणि त्याचा जोर माणूस मागून किती रेटतो त्यावर अवलंबून. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला हातोडा फेकते. ठोके चार-पाच हजारच, पण एकेक ठोका असा की काँक्रीट फुटत जातं. हात नुसता आधाराला. त्याचे बिट खाचेच्या दांड्याचे, म्हणजे एसडीएसचे असतात. साध्या ड्रिलचे त्यात बसत नाहीत. ओळखीच्या कंपनीचं इम्पॅक्ट ड्रिल साधारण दोन-तीन हजारांत येतं, रोटरी हॅमरला त्याच्या दुप्पट तरी मोजावे लागतात. मायवानच्या घरात वर्षाला दहा भोकं पाडायची असतील तर तो एकट्याने घेण्यात अर्थ नाही. मजल्यावरच्या चार घरांनी मिळून एक घ्यावा, किंवा सरळ माणूस बोलवावा.

पैसे वाचवायचेच असतील तर मशीनच्या वॅटवर वाचवावेत, बिटवर नाही. भिंतीच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा डाखवलेला असतो आणि सगळं काम तोच करतो. स्वस्त बिटमध्ये तो तापला की बोथट होतो किंवा निखळून भिंतीतच राहतो. पाचशे वॅटचं साधं मशीन आणि चांगल्या कंपनीचे ६ आणि ८ मिमीचे दोन बिट एवढ्यावर घरातली बहुतेक भोकं होतात. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नये. वायरींचे पाइप तिथूनच जातात.

बिनवायरच्या मशीनचा मोह सध्या फार. त्यांच्यावरचे आकडे मात्र जपून वाचावेत. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात आणि नुकतेच चार्ज केलेले असताना तेच पाच सेल २० च्या पुढे दाखवतात. म्हणून एका कंपनीचं ‘१८ व्होल्ट’ आणि दुसरीचं ‘२० व्होल्ट मॅक्स’ ही एकच गोष्ट. निनावी मशीनवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं छापलेलं असतं, त्याचा व्होल्टशी काही संबंध नाही. या प्रकारात महाग असते ती बॅटरी. एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची मशीन त्याच कंपनीची, बॅटरीशिवाय, स्वस्तात घेता येतात.

हाताच्या अवजारांत निवड सोपी, कारण दुकानातच तपासता येतात. पक्कड बंद करून उजेडासमोर धरावी. कापायच्या धारांमधून उजेड दिसला तर ती तार कापणार नाही, चावत बसेल. सांधा डगमगता कामा नये. स्क्रू ड्रायव्हर क्रोम व्हॅनेडियमचा घ्यावा. मऊ लोखंडाचं टोक खाचेतून निसटतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं, मग तो स्क्रू काढणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलतो म्हणून लोक दुकानदाराला टेप परत करतात. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो: आतून माप घेताना तो स्वतःच्या जाडीइतका आत सरकतो, बाहेरून घेताना तेवढाच बाहेर येतो. या अवजारांत नाशिकच्या टपारियाचं नाव गावोगावच्या दुकानांत चालतं. १९६९ पासून, स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालेलं हे उत्पादन. नाव चालतं तशा नकलाही निघतात, तेव्हा बिल घ्यावं.

ग्राइंडर ही घरात शेवटी घ्यायची वस्तू, आणि खरं तर बहुतेक घरांत नकोच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणारे लोक आहेत. पातं अडकलं की मशीन हाताबाहेर उसळतं. चकतीवर छापलेले फेरे मशीनपेक्षा कमी नसावेत आणि कापायच्या चकतीच्या मधल्या कड्यावर मुदतही असते. ती मात्र कुणी पाहत नाही.

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हाताची अवजारं बिनधास्त पाहावीत. गंज चढलेली पटाशी घासून परत कामाला येते, फक्त पोलाद पुरेसं उरलेलं हवं. विजेचं मशीन मात्र चालू करून दाखवायला सांगावं आणि मागच्या जाळीतून आत बघावं. कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या चालतात. ब्रश थोडक्यात बदलून मिळतात. ठिणग्यांचं गोल कडंच दिसत असेल तर आर्मेचर गेलेलं असतं आणि ते बदलायचं म्हटलं की जुन्याचा भाव नव्याच्या जवळ पोचतो.