कुत्र्याला चालण्याचे शिक्षण

कुत्र्याला चालण्याचे शिक्षण : गळपट्ट्याला बांधलेली दोरी किंवा साखळी न ताणता मालकाच्या सोबतीने चालण्याची सवय कुत्र्याला लावणे. आज्ञापालनाच्या स्पर्धांत कुत्र्याचा खांदा चालविणाऱ्याच्या डाव्या पायालगत राहावा लागतो. नित्याच्या फेरफटक्यात इतक्या काटेकोरपणाची गरज नसते. दोरी सैल राहील एवढ्या अंतरात कुत्र्याने पुढेमागे होण्यास वा जमीन हुंगण्यास हरकत नसते. जोराने ओढणाऱ्या कुत्र्यामुळे, विशेषतः वृद्ध माणसे, पडून जखमी होतात. कुत्र्याच्या मानेवर व श्वासनलिकेवरही ताण पडतो. गळपट्टा ताणल्याने कुत्र्याच्या डोळ्यातील दाब वाढतो, छातीपट्ट्याने तसा वाढत नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात आढळले. शिवाय ओढणारा कुत्रा फिरावयास नेणे टाळले जाते आणि व्यायाम व बाह्य जगाचा परिचय यांना तो मुकतो.

ओढण्याची कारणे : माणूस सामान्यपणे ताशी सु. ५ किमी. वेगाने चालतो. बहुतेक कुत्र्यांची स्वाभाविक दुडकी चाल याहून जलद असते. कुत्र्याचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असल्याने वाटेतील प्रत्येक गंध त्याला आकर्षून घेतो. तथापि ओढण्याची सवय दृढ होण्याचे मुख्य कारण म्हणजे ती फलदायी ठरते. कुत्रा ओढतो, मालक मागोमाग जातो आणि कुत्रा इच्छित जागी पोहोचतो. यात मालकाशी वर्चस्वाची स्पर्धा असते, ही समजूत निराधार आहे.

तात्त्विक आधार : ज्या वर्तनाचा परिणाम समाधानकारक असतो ते पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, असा परिणामाचा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी मांडला. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी त्यावरून साधक अभिसंधानाची उपपत्ती विकसित केली. प्राण्यांना कसे शिकवावे, याविषयी १९५१ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी योग्य कृतीच्या क्षणी खेळण्यातील टिकटिकीचा आवाज करून लगेच खाद्य देण्याची रीत सुचविली. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय सहज सुटत नाही, हेही या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणून दहा वेळा थांबून अकराव्या वेळी ओढत नेऊ देणारा मालक नकळत ओढण्याचेच शिक्षण देत असतो.

पद्धती : आरंभ घरात किंवा अंगणात, लक्ष विचलित होणार नाही अशा ठिकाणी करावा. दोरी सु. दीड ते दोन मी. लांबीची असावी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी सतत किंचित ताणलेली राहते, म्हणून ती शिकविताना वापरू नये. कुत्रा पायाजवळ असताना एकदोन पावलांगणिक खाऊचा लहान तुकडा द्यावा. तो पायालगतच द्यावा, कारण बक्षीस जेथे मिळते तेथे कुत्रा राहू लागतो. दोरी ताणली जाताच मालकाने स्थिर उभे राहावे, हिसका देऊ नये. कुत्रा वळून दोरी सैल झाली की तत्काळ चालू लागावे. उभे राहण्याऐवजी शांतपणे दिशा बदलली तरी चालते. ओढणे निष्फळ ठरू लागल्यावर काही काळ कुत्रा पूर्वीपेक्षा अधिक जोराने ओढतो. या टप्प्यावर नमते घेतल्यास आधीचे श्रम वाया जातात.

पाठ पाचदहा मिनिटांचे ठेवून दिवसातून दोनतीनदा द्यावेत. मग क्रमाने निवांत गल्ली, रहदारीचा रस्ता व इतर कुत्र्यांचा सहवास असे टप्पे घ्यावेत. खाऊचे प्रमाण हळूहळू कमी करून त्याऐवजी हुंगण्याची मोकळीक हेच बक्षीस करावे. घरातील सर्वांनी एकच नियम पाळणे आवश्यक असते. पुढील बाजूस दोरी अडकविण्याची सोय असलेला छातीपट्टा ओढण्याचा जोर कमी करतो, पण तो शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

इतिहास व कायदे : जर्मनीतील पोलीस-श्वानशिक्षक कोनराट मोस्ट यांच्या १९१० मधील ग्रंथात दोरीचा हिसका व बक्षीस या दोहोंना स्थान होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींचा प्रसार झाला. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेचा अवलंब करणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे अधिक आढळली. वेल्समध्ये विजेचा धक्का देणाऱ्या गळपट्ट्यांवर २०१० मध्ये बंदी घालण्यात आली. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये सुरू केलेल्या सुजाण श्वान चाचणीच्या दहा भागांत सैल दोरीने चालणे व गर्दीतून चालणे यांचा समावेश आहे. भारतात नेहमी साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार अपराध आहे. सैल दोरीने चालण्याची सवय हे कर्तव्य पार पाडणे मालकाला सुकर करते.